कोड पुसला तरी परत लागणारा डॅशबोर्डचा दिवा: पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं

गॅरेजमध्ये स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावतात, कोड पुसतात, दिवा जातो. चार दिवस बरे जातात आणि एका सकाळी सेल्फ मारला की तोच पिवळा दिवा पुन्हा समोर. मग एक सेन्सर बदलला जातो, पुढच्या वेळी दुसरा. बिलं वाढत जातात आणि दिवा तिथंच. गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामात माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. गाडी माझ्यापर्यंत पोचते तेव्हा तिचे दोन-तीन चांगले पार्ट बहुतेक वेळा आधीच काढून टाकलेले असतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

याचं मूळ एका गैरसमजात आहे. स्कॅनरवर दिसणारा कोड कुठला पार्ट खराब झालाय ते सांगत नाही. कंट्रोल युनिटला, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरला, कुठल्या सर्किटमध्ये काय खटकलं, एवढंच तो सांगतो. ते का खटकलं हे शोधायला तपासणी लागते, आणि त्यातली निम्मी तपासणी तुम्ही स्वतः जवळपास फुकटात करू शकता.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी जुळत असेल तरी पुढचं वाचा.

- चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गाडी चालायला मात्र ठीक वाटते. कोड पुसल्यावर काही दिवसांनी परत येतो.
- एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन (चाक घसरू न देणारी), स्टिअरिंग असे तीन-चार दिवे एकदम लागतात. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की जातात.
- दिवा फक्त थंड सकाळी, पावसात किंवा गाडी धुतल्यावर लागतो.
- खड्ड्यातून जाताना किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर दिवा लागतो-विझतो.
- सीट मागे-पुढे केल्यावर एअरबॅगचा दिवा लागतो.
- ज्या सेन्सरचा कोड होता तो नवा बसवला, तरी तोच कोड आला.

आधी दिव्याचा रंग

लाल दिवा लागला तर ही पोस्ट नंतर वाचा, आधी गाडी सुरक्षित जागी थांबवा. तेलाच्या किटलीचा लाल दिवा म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलं. इंजिन ताबडतोब बंद करायचं. "पुढच्या पंपापर्यंत नेतो" एवढ्याशा अंतरातही बेअरिंग जाऊ शकतं. टेम्परेचरचा लाल दिवा लागला तर थांबा, इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच अंगावर उसळतं. बॅटरीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर अल्टरनेटरचा बेल्ट तुटला असण्याची शक्यता असते. बऱ्याच इंजिनांत तोच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो, म्हणून लगेच टेम्परेचरच्या काट्याकडे बघा. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक पूर्ण सोडूनही राहिला, तर ब्रेक ऑइलची पातळी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेडल मऊ किंवा खोल लागत असेल तर गाडी टो करूनच हलवा.

पिवळा दिवा म्हणजे लवकर लक्ष द्या, पण वेळ आहे. याला एकच अपवाद: चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. न जळालेलं इंधन सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतं आणि आतली जाळी वितळते. पाय लगेच हलका करा, वेग कमी करा, तरीही लुकलुकणं थांबलं नाही तर गाडी बाजूला घ्या. कॉइल किंवा प्लग स्वस्त असतो, कन्व्हर्टर गाडीच्या सगळ्यात महाग पार्टांपैकी एक. मोठी बिलं होतात ती बऱ्याचदा अशी, छोट्या बिघाडाकडे दुर्लक्ष करून.

कोड पुसायची घाई करू नका

हा मुद्दा मी सगळ्यात आग्रहानं सांगतो. कोड पुसला की त्याच्यासोबतचा पुरावाही पुसला जातो. कोड पक्का नोंदवताना कंट्रोल युनिट त्या क्षणाची स्थितीही साठवतं: इंजिनचा आरपीएम, गाडीचा वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड. स्कॅनरमध्ये याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. मिसिंगचा कोड कूलंट १५ अंशांवर असताना आला की ९० अंशांवर, थांबलेल्या गाडीत आला की चढावर, यावरून शोधायची जागा पार बदलते. म्हणून मोबाइलवर फोटो काढा, कोड लिहून ठेवा, मगच पुसा. गॅरेजवाल्यालाही आधी फोटो काढायला सांगा.

कोड किती वेळानं परत येतो हेही लक्षात ठेवा. चावी फिरवताच परत आला तर शक्यतो तुटलेली वायर, शॉर्ट किंवा निखळलेला कपलर (वायर जोडणारा प्लग). दोन-चार दिवस गाडी चालवल्यावर आला तर ती अशी तपासणी असते जी कंट्रोल युनिट ठराविक परिस्थितीतच करतं, म्हणजे कन्व्हर्टरची किंवा पेट्रोलच्या वाफेच्या गळतीची. बरेच कोड सलग दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी चालू करून चालवून बंद करण्याच्या फेरीत) दोष दिसल्यावरच दिवा लावतात. त्यामुळे पुसल्यावर दोन दिवस दिवा लागला नाही म्हणजे दुरुस्ती झाली, असं धरू नका.

शिवाय कोड पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या शून्यापासून सुरू होतात. धुराच्या तपासणीत स्कॅनर लावला जात असेल तर ऐनवेळी पुसलेला कोड अंगाशी येतो, कारण या चाचण्या अपुऱ्या असल्याचं स्कॅनरवर दिसतं.

पहिली फेरी: हातानं आणि डोळ्यानं

पेट्रोल टाकीचं झाकण काढा आणि त्याच्या रबराची कड बोटानं चाचपा. भेग किंवा कचरा असेल तर वाफेच्या गळतीचा कोड (पी०४५५ किंवा पी०४५७) येतो. झाकण टिक आवाज येईपर्यंत घट्ट लावा. दिवा लगेच जाणार नाही, त्याला काही फेऱ्या लागतात.

चारही टायरची हवा गाडी थंड असताना बघा. टायर प्रेशरचा दिवा थंडीत लागतो कारण तापमान १० अंशांनी उतरलं की हवा अंदाजे ०.१ बार कमी होते. काही गाड्यांत टायरमध्ये सेन्सर नसतोच, चाकांच्या फिरण्याच्या फरकावरून अंदाज बांधला जातो. अशा गाडीत हवा भरल्यावर मेनूमधून रीसेट करावं लागतं. सेन्सरवाल्या गाडीत हवा बरोबर असूनही दिवा लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर सेन्सरची आतली बॅटरी संपली असण्याची शक्यता मोठी. ती साधारण ५ ते १० वर्षं चालते.

इंजिन ऑइल सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवर बघा. कूलंटची पातळी थंड इंजिनावर. कूलंट कमी असेल तर टेम्परेचर सेन्सर कोरडा पडतो आणि "इंजिन गरम होत नाही" असा पी०१२८ येतो. पातळी बरोबर असूनही तोच कोड आला तर मग थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय का ते बघायचं. हा क्रम उलटा झाला की थर्मोस्टॅट उगाच बदलला जातो, आणि कूलंट कुठून गळतंय हे कुणी शोधतच नाही.

ब्रेक ऑइल कमी दिसलं तर नुसतं भरून गप्प बसू नका. पॅड झिजले की ब्रेकचे पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतली पातळी उतरते; म्हणजे दिव्याचं खरं कारण झिजलेले पॅड असू शकतात. पॅड ठीक असूनही पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ते काम मेकॅनिकचं.

दुसरी फेरी: बॅटरी आणि अर्थिंग

एकाच वेळी तीन-चार असंबद्ध दिवे लागले तर एकाही सेन्सरला हात लावायच्या आधी इथं या. चार वेगळे पार्ट एका सकाळी एकदम खराब होत नाहीत. त्या सगळ्यांना मिळणारा करंट एकच असतो. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली गेलं की एबीएस, स्टिअरिंग, गिअरबॉक्स यांची युनिटं क्षणभर झोपतात, एकमेकांशी संपर्क तुटतो, आणि प्रत्येक युनिट दुसऱ्याच्या नावानं तक्रार नोंदवतं. "यू"नं सुरू होणारे कोड जास्त दिसले तर हे हमखास तपासा.

साधा मल्टीमीटर पुरतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे ती निम्मी उतरलीय. सेल्फ मारताना कुणाला तरी मीटरकडे बघायला सांगा; आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकलीय किंवा टर्मिनल सैल आहेत. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवं. नव्या गाड्यांत कंट्रोल युनिट गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतं, म्हणून तिथं एका आकड्यावरून अल्टरनेटरला दोष देऊ नका. दिवे आणि पंखा चालू करून पुन्हा मोजा.

आता ती तपासणी, जी फारच थोडे लोक करतात. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी राहायला हवा, ०.५ च्या वर गेला तर इंजिनची अर्थ केबल नीट काम करत नाही. तसंच निगेटिव्ह खांब आणि बॉडीचा धातू यांच्यामध्ये, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून मोजा. तिथं जवळपास शून्य हवा.

हे किती महत्त्वाचं आहे ते एका गाडीवरून सांगतो. एबीएस, स्टिअरिंग आणि गिअरबॉक्सचे दिवे फक्त सकाळी लागायचे. मालकाला आधीच्या ठिकाणी एबीएसचं पूर्ण युनिट बदलायला सांगितलं होतं. बॅटरी १२.५, म्हणजे ठीक. पण सेल्फ मारताना निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यामध्ये ०.९ व्होल्ट! केबल वरून धडधाकट दिसत होती. बोल्ट काढून लग (केबलच्या टोकाची धातूची पट्टी) उलटा केला तेव्हा खाली हिरवट पूड जमलेली, आणि जिथं धातूला धातू टेकायला हवा तिथं नखाएवढीच जागा चमकत होती. वायर ब्रशनं दोन्ही पृष्ठभाग घासले, बोल्ट घट्ट केला, वरून थोडं व्हॅसलीन लावलं. आकडा ०.१ वर आला आणि ते तिन्ही दिवे पुन्हा लागले नाहीत. एबीएस युनिट मुळात ठणठणीत होतं.

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी सोडा, बसवताना ती शेवटी लावा. जोडल्यावर काही गाड्यांत ट्रॅक्शनचा दिवा राहतो, कारण स्टिअरिंगचा अँगल विसरला जातो. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडी गाडी चालवली की बहुतेकदा जातो. ज्या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो तिथं नवी बॅटरी कंट्रोल युनिटमध्ये नोंदवावी लागू शकते, दुकानदाराला तसं विचारून घ्या.

तिसरी फेरी: वायर आणि कपलर

पावसात किंवा खड्ड्यात येणारा दोष जवळजवळ नेहमी इथंच सापडतो. एबीएसचा दिवा घ्या. स्कॅनर "उजवा पुढचा व्हील स्पीड सेन्सर" म्हणतो आणि सेन्सर बदलला जातो. पण त्या सेन्सरची वायर प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक खड्ड्याला वाकते. वरचं रबरी आवरण शाबूत असतं आणि आतली तार तुटलेली असते. चाक वळवून वायर चाकाच्या कमानीतून दिसेल तिथं हातानं हलवा आणि कुणाला तरी स्कॅनरवर त्या चाकाचा वेग किंवा मल्टीमीटरवर सेन्सरचा रेझिस्टन्स बघायला सांगा. आकडा उडाला तर दोष वायरमध्ये. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला असेल तर पुसा. चाकाचं बेअरिंग ढिलं असेल तरी हाच कोड येतो, कारण सेन्सर आणि रिंगमधलं अंतर बदलत राहतं.

कपलर उघडताना लॉक दाबून, वायर न ओढता. पिना हिरव्या किंवा काळ्या दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पॉलिश पेपर वापरू नका, पिनांवरचा मुलामा जातो. एअर फिल्टरच्या डब्यात आणि इंजिनच्या आवरणाखाली उंदरांची चाहूल लागतेय का बघा. फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. तो पुन्हा उडाला तर मोठा घालू नका, वायर जळते.

चौथी फेरी: स्वस्त स्कॅनर आणि थोडं डोकं

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचे कोड आणि लाइव्ह डेटा दाखवतो. एबीएस-एअरबॅग वाचायला बऱ्याचदा त्याहून चांगलं यंत्र लागतं.

*मिसिंग.* पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा. प्रत्येक सिलिंडरवर वेगळी कॉइल असेल तर इंजिन थंड आणि बंद असताना पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर बसवा. कोड पुसून चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब, हे सिद्ध झालं. पी०३०१ च राहिला तर हाच प्रयोग प्लगवर करा. तरीही तिथंच असेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि ते गॅरेजचं काम. सगळ्या कॉइल एकदम बदला असं कुणी म्हणालं तर आधी ही अदलाबदल केली का, विचारा. प्लगच्या विहिरीत तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळतंय. ते न बदलता नवी कॉइल बसवली तर तीही जाईल.

*मिश्रण पातळ, पी०१७१.* इथं ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बळी सगळ्यात जास्त जातो. सेन्सर बिचारा प्रामाणिकपणे सांगत असतो की हवा जास्त, इंधन कमी. थर्मामीटर बदलून ताप उतरत नाही. लाइव्ह डेटात लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कंट्रोल युनिट इंधन किती टक्के वाढवतं-कमी करतं त्याचा आकडा. इंजिन गरम झाल्यावर ती उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर सर्वसाधारणपणे ठीक. आयडलिंगला ती अधिक २० असेल आणि २,५०० आरपीएमवर ५ च्या आसपास उतरत असेल, तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय: फुटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं गॅस्केट, एअर फिल्टरनंतरच्या रबरी नळीची भेग. नळी वाकवून तिच्या घड्यांच्या खाचांत टॉर्च मारा, भेग तिथं लपते. उलट, आयडलिंगला ठीक आणि जोर मागितला की वाढत असेल तर इंधन कमी पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. त्याच्यासाठीचाच स्प्रे मारा, आतल्या तारेला बोट किंवा कापड लावू नका. गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे मारू नका, आग लागते. गॅरेजमध्ये धुराचं यंत्र असतं, त्यानं गळती नेमकी दिसते.

*पी०४२०.* कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. लगेच नवा कन्व्हर्टर घेऊ नका. आधी मिसिंगचे आणि मिश्रणाचे कोड सोडवा, सायलेन्सरचे सांधे गळत नाहीत ना ते बघा. मग गरम इंजिनावर, वेग स्थिर ठेवून, कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज बघा. ते साधारण एका जागी राहायला हवं. सारखं वर-खाली नाचत असेल तर कन्व्हर्टर खरंच थकलाय. तो का थकला हे शोधल्याशिवाय नवा बसवला, आणि इंजिन ऑइल पीत असेल, तर नवाही मरतो.

*डिझेल.* डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) पिवळा दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे, साधारण १५ ते २० मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगानं चालवा. आतली काजळी जळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं आणि छोट्या फेऱ्यांत ते कधी गाठलंच जात नाही. दिवा लुकलुकत असेल किंवा सोबत चेक इंजिनही लागलं असेल तर हा प्रयोग करू नका. दिवा वारंवार येत असेल तर प्रेशर सेन्सरच्या रबरी नळ्या तडकल्या आहेत का बघा, आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलंय का तेही बघा: अर्धवट राहिलेल्या जाळण्यांमुळे डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं.

इथं थांबा

एअरबॅगचा दिवा: सीटखाली वस्तू कोंबली असेल तर काढा, बस्स. पिवळ्या कपलरना हात लावू नका आणि तिथं मल्टीमीटर तर अजिबात नको. मीटरच्या छोट्या करंटनंही एअरबॅग पेटू शकते. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबल जीवघेण्या व्होल्टेजच्या असतात. कॉमन रेल डिझेलच्या इंधन लाइनमध्ये दाब हजार बारच्या वर जातो, सैल नटातून निघालेली धार कातडीत घुसते. ब्रेकची हायड्रॉलिक लाइन, टायमिंग चेन, ऑइलचं प्रेशर मेकॅनिकल गेजनं मोजणं, ही सगळी कामं जाणकाराची. वरच्या फेऱ्या करूनही कोड येत असेल तरी थांबा आणि अंदाजानं पार्ट आणू नका.

गॅरेजमध्ये जाताना कोडचे आणि फ्रीझ फ्रेमचे फोटो, दिवा कधी लागतो त्याची नोंद, आणि तुम्ही केलेल्या तपासण्या लिहून न्या. मेकॅनिकचा वेळ वाचतो, म्हणजे तुमचे पैसे. तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर आनंदानं द्या. फुकट स्कॅन करून पार्ट विकणाऱ्यापेक्षा तपासणीचे पैसे घेऊन दोष दाखवणारा शेवटी स्वस्त पडतो. पार्ट बदलायला होकार देण्याआधी एक प्रश्न विचारा: "हाच पार्ट खराब आहे हे कुठल्या चाचणीत दिसलं?" उत्तरात मोजलेला आकडा, अदलाबदलीचा निकाल किंवा दिसणारी गळती यायला हवी. "कोडच तसा आलाय" एवढंच उत्तर मिळालं तर गाडी दुसरीकडे दाखवा. खर्चाचा अंदाज लेखी घ्या, काढलेला पार्ट परत मागा, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी, फ्रीझ फ्रेममध्ये जी परिस्थिती होती त्याच परिस्थितीत, म्हणजे दोष थंड इंजिनावरचा असेल तर सकाळी थंड इंजिनावरच, मेकॅनिकसोबत एक फेरी मारा.